पेडणे ते डिचोली, मार्गे पस्तीस मिलिमीटर

दोन पावसाळे कपाटात काढलेली कॅमेऱ्याची बॅग मी 2021च्या दसऱ्याला पूजेसाठी खाली काढली. आमच्या घरी त्या दिवशी कोयता, पहार, शिलाई मशीन, स्कूटर आणि माझा कॅमेरा अशी मंडळी एका रांगेत बसतात आणि प्रत्येकाला एकेक झेंडूचं फूल मिळतं. फूल वाहायचं म्हणून लेन्सचं झाकण काढलं, तर आत कुणीतरी आधीच पूजा मांडून ठेवलेली. काचेच्या आतल्या अंगाला, कडेकडेनं मध्याकडे सरकत आलेली पांढऱ्या तंतूंची नक्षी. इतकी बारीक आणि इतकी रेखीव की क्षणभर वाटलं, कंपनीनंच काढून दिली असेल.

"बुरा आलाय," ही म्हणाली. निदानाला तिला अर्धा सेकंद पुरला. लोणच्याच्या बरण्या पंचवीस पावसाळे सांभाळलेली बाई ती. "मीठ कमी पडलं की असंच होतं."

लेन्समध्ये मीठ घालत नाहीत, असं मी तिला सांगितलं.

"मग ऊन तरी दाखवायचं होतं."

हे मात्र बिनतोड होतं. बुरशीला अंधार, ओल आणि न हलणारी हवा लागते. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांवर गेली की ती रुजू लागते, आणि पेडण्यात जून ते सप्टेंबर आर्द्रता साठ टक्क्यांपर्यंत उतरलीच तर त्या दिवशी आम्ही घाईघाईनं पापड वाळत घालतो. बुरशी काच खात नाही. काचेवर बसलेली धूळ आणि आपल्या बोटांचं तेल खाते. पण खाऊन झाल्यावर ती जे आम्ल सोडते, त्यानं काचेवरचा लेप आणि पुढे काचही कोरली जाते. म्हणजे पाहुणा उठून गेला, पान उचललं, शेण फिरवलं, तरी जमिनीवर डाग तो डागच.

तिन्ही लेन्स गेल्या होत्या. कॅमेऱ्याबरोबर आलेली 18-55, अधूनमधून कलाकार असल्यासारखं वाटावं म्हणून घेतलेली 50, आणि पक्ष्यांसाठी म्हणून घेतलेली, पण प्रत्यक्षात नातेवाइकांच्या नकळत त्यांचे फोटो काढायला वापरलेली 70-300. म्हापशाचा दुरुस्तीवाला लेन्स दिव्यासमोर धरून बराच वेळ बघत राहिला. डॉक्टर एक्स-रे बघतात तसा. मग म्हणाला, "साफ करून देतो, पण ही परत येणार. एकदा घर बघून गेलेली असते ना." तिन्ही साफ करायचा खर्च ऐकून मी त्याला फक्त आभार दिले आणि लेन्स परत घेतल्या.

दोष बुरशीचा नव्हता, हे कबूल करायला हवं. 2020च्या मार्चात घरात बसलो ते बसलोच. त्या एप्रिलात गोव्यातले करोनाचे सातच्या सात रुग्ण बरे झाले आणि राज्यात एकही रुग्ण उरला नाही, तेव्हा आम्ही छाती फुगवून महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्याकडे बघितलं होतं. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, त्या छातीचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या सगळ्या काळात कॅमेरा काढावा असं काही घडलं नाही, आणि जे घडलं त्याचे फोटो काढावेत असं ते नव्हतं. बॅग वर राहिली. वरच्या कप्प्यात, हिवाळी स्वेटरांशेजारी. गोव्यात ज्या वस्तूंची कधीच गरज पडत नाही त्यांचा तो कप्पा.

घरगुती उपाय म्हणून मी त्यातली एक लेन्स तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. तांदूळ ओल शोषतो, असं कुणीतरी सांगितलं होतं. त्यानं हे सांगितलं नव्हतं की आमच्या डब्यात उकडे तांदूळ असतात आणि त्यांच्याबरोबर बारीक कोंडाही असतो. चौथ्या दिवशी हिनं पेजेसाठी माप घातलं आणि मापात लेन्स आली. त्यानंतर ती लेन्स फिरवली की आतून जातं फिरल्यासारखा आवाज येतो.

त्या पेजेच्या वाटीवरच करार झाला. नवा कॅमेरा घ्यायला हरकत नाही, पण एकच कॅमेरा आणि एकच लेन्स. "आणि वजन दोन नारळांच्या आत," ही म्हणाली. जुनी बॅग तिनं काट्यावर ठेवून बघितली होती. सोललेले दहा नारळ भरले. दहा नारळ खांद्याला लावून हा माणूस प्रत्येक सहलीत सगळ्यांच्या मागून येतो आणि मग दमलो म्हणून सगळ्यांआधी बसतो, अशी तिची तक्रार होती आणि तिला साक्षीदार होते.

एकच लेन्स घ्यायची तर कुठली? ह्या प्रश्नाला मी एक वर्ष दिलं. तेवढ्यात तिसरी लाट येऊन गेली, विधानसभेची निवडणूक होऊन गेली, शाळा पुन्हा भरून परीक्षाही झाल्या. मी रात्री अकराला मोबाइल घेऊन बसायचो आणि दीडला उठायचो तेव्हा प्रश्न तिथेच असायचा, फक्त त्याला नवे आकडे फुटलेले असायचे. जगही स्थिर राहायला तयार नव्हतं. 1936पासून कॅमेरे करणाऱ्या ऑलिंपसनं 2020च्या जूनमध्ये कॅमेऱ्याचा धंदाच विकायला काढला. फुजीचा एक्स-100-व्ही हा न बदलणाऱ्या लेन्सचा सुटसुटीत कॅमेरा टाळेबंदीच्या महिनाभर आधी बाजारात आला होता. मी त्याच्यावर मन बसवेपर्यंत जगभरच्या पोरापोरींनी त्याचे व्हिडिओ करून तो इतका गाजवला की दुकानात मिळेना आणि वापरलेला नव्याहून महाग झाला. कॅमेऱ्याच्या बाबतीत जुनं ते सोनं हे मला मान्य आहे, पण इतकं शब्दशः नको होतं.

सल्ला देणाऱ्यांची कमतरता नव्हती. एक जण म्हणे फुल फ्रेमशिवाय जगण्यात अर्थ नाही. फुल फ्रेम म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, 36 बाय 24 मिलिमीटरचा सेन्सर. दुसरा म्हणे त्याच्याहून लहान सेन्सर घे, खिसा आणि खांदा दोन्ही वाचतात. तिसऱ्यानं 24 ते 200पर्यंत जाणारी एकच झूम लेन्स सुचवली, म्हणजे एका लेन्समध्ये सात लेन्स. हा मनुष्य जेवणावळीत सगळे पदार्थ एकत्र कालवून खातो, हे माहीत असल्यानं मी त्याचं ऐकलं नाही.

हिला हे आकडे म्हणजे काय ते समजावायची वेळ आली. मी म्हटलं, आपण सोप्यावर बसलोय असं समज. 24 म्हणजे सोपा, अंगण, तुळस, माड आणि शेजाऱ्यांनी वाळत घातलेले कपडे, सगळं एका फोटोत. 35 म्हणजे समोर बसलेला माणूस, त्याच्या हातातला चहा आणि त्याच्या मागचं दार. 50 म्हणजे माणूस, चहा कापलेला. 85 म्हणजे नुसता चेहरा. आणि 200 म्हणजे पलीकडच्या वाड्यावर आज कुणाकडे कुठली मासळी आली.

"मग 200च घ्या की," ही म्हणाली.

इथे मी वही घेतली. मी शाळेत मराठी शिकवतो, पण त्रैराशिक मला येतं. फुल फ्रेम कॅमेरा उभा धरला आणि 35ची लेन्स लावली, तर सहा फुटांवरचा माणूस डोक्यापासून पायापर्यंत, वर दोन बोटं जागा ठेवून, बरोबर मावतो. सहा फूट! दोन वर्षं ज्या अंतरासाठी रेशन दुकानासमोर चुन्याचे गोल काढले, तेच. 50ची लेन्स घेऊन त्याच गोलात उभं राहिलं तर गुडघ्याखालचा माणूस कापला जातो. आणि 200नं तोच माणूस अख्खा घ्यायचा तर तेहेतीस-चौतीस फूट मागे जावं लागतं. म्हणजे मी आमच्या घरात बसलो तर तो रस्त्यापलीकडे हवा. मी वर्षानुवर्षं 70-300 घेऊन हेच करत होतो. महामारी येण्याच्या कितीतरी आधीपासून मी माझ्या नातेवाइकांपासून सुरक्षित अंतर पाळत होतो आणि त्याला कॅन्डिड फोटोग्राफी म्हणत होतो.

पस्तीसला माझा कौल पडला तो तिथे. अर्थात हे मी कुणाला सांगितलं नाही. लोकांना मी सांगितलं की एफ-2.

तेही खोटं नव्हतं. आमच्याकडे जे बघण्यासारखं असतं ते रात्रीच असतं. देवळाच्या अंगणात दहिकाला लागतो, दशावतारी रात्री उशिरा रंग लावून उभे राहतात, आणि तो काळाकुट्ट संकासूर काळ्या पडद्यासमोर काळ्या रात्री नाचतो. माझ्या जुन्या झूमनं काढलेले संकासुराचे फोटो माझ्याजवळ आहेत. त्यात संकासूर आहे, हे माझ्या शब्दावर मानावं लागतं. एफ-5.6च्या जागी एफ-2 आली की भिंगातून आठपट उजेड आत येतो. फ्लॅश आपल्याकडे कुठेच चालत नाही. मोरजीच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या कासवांपुढे मनाई आहे, आणि देवापुढे तो बरा दिसत नाही.

ह्या सगळ्या खटाटोपात मला अधूनमधून मांद्र्याचे नारायण दाजी आठवायचे. डॉ. भाऊ दाजी लाड सगळ्यांना माहीत आहेत. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला 1975पासून त्यांचं नाव आहे आणि आमच्या तालुक्याला त्याचा अभिमान आहे, कारण जन्म मांद्र्याचा. त्यांचे धाकटे भाऊ नारायण दाजी मात्र आम्ही विसरून गेलो. तेही ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर, आणि 1854मध्ये निघालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीतले सभासद. हातात कॅमेरा धरणाऱ्या अगदी पहिल्या भारतीयांतलं हे नाव, आणि घराणं आमच्या शेजारच्या गावचं! तो काळ ओल्या काचांचा. काचेवर कोलोडियन ओतायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची, फोटो घ्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटांच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. काच वाळली की खेळ खलास. तंबू, बाटल्या, काचांच्या पेट्या आणि पाण्याच्या घागरी बरोबर वागवायच्या. ह्या माणसाला कुणी विचारलं असतं, "प्रवासाला कुठली लेन्स नेता?" तर त्यानं बैलाकडे बोट दाखवलं असतं.

तरी मी एकदा प्रत्यक्ष पारख करायची ठरवली. शाळेतल्या सहकाऱ्याकडून त्याचा फुल फ्रेम कॅमेरा आणि 50ची लेन्स उसनी घेतली आणि पेडण्याच्या भगवतीच्या देवळासमोर गेलो. तिथे प्रवेशाला दोन बाजूंना दोन मोठे दगडी हत्ती आहेत. दोन्ही हत्ती एका चौकटीत घ्यायचे असं ठरवून डोळा लावला, तर एका हत्तीची सोंड आली. एक पाऊल मागे घेतलं. सोंड आणि डोळा. आणखी दोन पावलं. एक हत्ती पुरा आणि दुसऱ्याचा कान. हत्तींना "जरा जवळ सरका" म्हणता येत नाही. आणखी मागे गेलो आणि दोन्ही हत्ती चौकटीत येतायत एवढ्यात पाठीमागून हॉर्न वाजला. बसचा ड्रायव्हर माझा जुना विद्यार्थी निघाला. खिडकीतून मान काढून म्हणाला, "सर, देवळात तरी जावा, नाय तर बसमध्ये तरी येवा!"

50 तिथेच बाद झाली.

मधल्या काळात मी ड्राय कॅबिनेटचाही अभ्यास केला. ते काचेच्या दाराचं, विजेवर चालणारं कपाट असतं. आतली आर्द्रता पंचेचाळीस टक्क्यांवर राखतं आणि दारावर हिरव्या आकड्यांत ती दाखवतं. कॅमेऱ्यासाठी एवढी चैन हिला पटणार नाही असं मला वाटत होतं. तिनं चित्र बघितलं, आकडे वाचले आणि विचारलं, "ह्यात पापड मऊ पडणार नाहीत?" मी म्हटलं, पडणार नाहीत. "सोलांना पाणी सुटणार नाही?" नाही सुटणार. दुसऱ्या दिवशी कॅबिनेट मागवलं गेलं. आज त्यात खालच्या कप्प्यात उडदाचे पापड, मधल्यात सांडगे आणि काजूगर, आणि वरच्यात एका कोपऱ्यात कॅमेरा आहे. सगळे कुरकुरीत आहेत.

कॅमेरा शेवटी घेतला तो वापरलेला. दोडामार्गाकडच्या एका गावात एक लग्नांचा फोटोग्राफर आपलं सामान काढतोय असं कळलं म्हणून गेलो. घराच्या पडवीत त्यानं चटईवर सगळं मांडून ठेवलं होतं. दोन कॅमेरे, चार लेन्स, छत्री, दिवे. त्याच्या धंद्याची गोष्ट त्यानं दोन वाक्यांत सांगितली. "लग्नाला पन्नास माणसं असा हुकूम निघाला. पन्नासांत फोटोग्राफर धरायचा की मामाला, असं झालं की लोक मामाला धरतात." आता तो घरपोच मासळी देत होता आणि फोटोपेक्षा त्यात उधारी कमी, असं म्हणाला. मी त्याचा फुजी एक्स-टी-2 आणि त्याला लावलेली 23ची एफ-2 लेन्स उचलली. ह्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणून 23ला दीडनं गुणायचं आणि पस्तीस म्हणायचं. कॅमेरा 507 ग्रॅम, लेन्स 180. एक नारळ आणि वर वाटीभर खोबरं. दोघांनाही पाऊस-धुळीपासून बचावाची सीलं. शटर किती वेळा उडालंय ते त्यानं स्वतःच दाखवलं. एक लाख वीस हजार. म्हणजे ह्या कॅमेऱ्यानं एक लाख वीस हजार वेळा कुणाला तरी "हसा, हसा जरा" म्हटलं होतं आणि त्यातली निम्मी माणसं तरी उपाशी असणार. किंमत इथे लिहीत नाही, कारण हा लेख घरी वाचला जातो. घरी आल्यावर हिनं कॅमेरा हातात घेतला, पुढून मागून बघितला आणि नाकाशी नेला. बांगड्याचा वास आला नाही.

आता प्रवास.

इतकी वर्षभर तयारी केल्यावर माणूस लडाखला तरी जाईल असं कुणालाही वाटेल. आम्ही डिचोलीला गेलो. हिचं माहेर. पेडण्याहून तीसेक किलोमीटर. पण अडीच वर्षांत आम्ही तिथे मोजून तीनदा गेलो होतो आणि तिन्ही वेळा नाकातोंडावर फडकं बांधून, अंगणात उभं राहून, पाच मिनिटांत परत. शिवाय ही वाट मुळातच माहेरवाशिणींची. आमच्याकडची मोरजाई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया आणि शिरगावची लईराई ह्या सख्ख्या बहिणी मानतात. एक पेडण्यात आणि तिघी डिचोली तालुक्यात दिलेल्या. तेव्हा 2022च्या त्रिपुरारी पौर्णिमेचा मुहूर्त धरून, स्कूटरवर पुढे मी, मागे ही, मध्ये फणसाएवढी तिची पिशवी आणि माझ्या गळ्यात एक नारळ असे आम्ही निघालो. धारगळला रुंदीकरणाची तांबडी धूळ, कोलवाळच्या पुलावर वारा, मग थिवी, अस्नोडा. कुठेही थांबलो नाही. पस्तीस मिलिमीटरमधून महामार्ग हा महामार्गासारखाच दिसतो.

डिचोलीच्या बाजारात मात्र थांबलो. समया मांडलेल्या दुकानाच्या पायरीपाशी एक बाई अबोलीचे वळेसर करत बसली होती. केळीचा सोप फाडून केलेला दोर पायाच्या अंगठ्यात अडकवलेला, डाव्या हातात चार फुलं, उजवा हात गाठ मारून पुढे गेलासुद्धा. असं काही दिसलं की पूर्वी मी रस्त्यापलीकडे जाऊन, कुणाच्या तरी गाडीआड उभा राहून 300वर टिपत असे. आता ते शक्य नव्हतं. पलीकडून बघितलं तर अख्खा बाजार दिसत होता आणि बाई त्यात तांदळाएवढी. जवळ गेलो. अजून जवळ. मग तिच्यासमोर उकिडवा बसलो. एवढ्या जवळून कुणा अनोळखी माणसाचा श्वास ऐकायची सवय मोडली होती. माझा हात आपसूक खिशातल्या मास्ककडे गेला. तिनं मान वर केली.

"फोटो काढू?"

"फोटो मागीर," ती म्हणाली. "पयलीं फुलां घे."

दोन वळेसर घेतले. एक हिच्या केसांत गेला, एक सासूबाईंसाठी पिशवीत. मग तिनं काम सुरू केलं आणि मला विसरून गेली. तिच्या अंगठ्याच्या नखाला पिवळट हिरवा रंग चढला होता आणि गाठ मारताना ती दर वेळी ओठ किंचित आत घ्यायची. ही लेन्स बावीस सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊन स्पष्ट बघते. मी तितका जवळ गेलो नाही. तिच्या हातात सुरीही होती.

सासरी जेवणानंतर अपेक्षेप्रमाणे फर्मान निघालं. जावयांनी नवा कॅमेरा आणलाय तर सगळ्यांचा एक फोटो होऊन जाऊ दे. सगळे म्हणजे सतरा. पस्तीस मिलिमीटरमध्ये सतरा माणसं मावतात, पण कडेला उभं राहिलेलं माणूस ह्या जातीच्या भिंगात थोडं रुंद होतं. हे मी आधी सांगायला हवं होतं. एका कडेला मोठा मेहुणा होता, त्याची काही हरकत नव्हती. तो मुळातच रुंद आहे. दुसऱ्या कडेला हिच्या मामी होत्या. टाळेबंदीत सूर्यनमस्कार घालून आठ किलो कमी केलेल्या मामी. मी मागच्या पडद्यावर फोटो दाखवला. मामींनी तो मोठा करून बघितला आणि कॅमेरा शांतपणे माझ्या हातात परत दिला. संध्याकाळी चहाला माझ्या कपात साखर नव्हती. चहा मामींनी केला होता.

दुपारचा वेळ सत्कारणी लावायचा म्हणून मी मेहुण्याच्या मोटरसायकलवर मागे बसून आसपास हिंडलो. मयेच्या तळ्यावर खंड्या दिसला. मी फोटो काढला. मेहुण्यानं विचारलं, खंड्या कुठाय? मी ठिपका दाखवला. तो म्हणाला, मला वाटलं कुणाची तरी निळी चप्पल तरंगतेय. नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार चालू होता. हे देऊळ शिवाजी महाराजांनी पुन्हा बांधून घेतलं, दारावरच्या शिलालेखात 1668चं साल आहे. मला परांच्याच परांच्या मिळाल्या. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा जीर्णोद्धार आणि आजचा जीर्णोद्धार असे दोन एका फोटोत आले, ह्यावर मी समाधान मानलं. हरवळ्याच्या धबधब्यानं लेन्सवर तुषार उडवले आणि मी रुमाल शोधेपर्यंत मेहुण्यानं शर्टाच्या टोकानं काच पुसून टाकली. नारायण दाजींच्या आत्म्याला त्या क्षणी काय वाटलं असेल ते असो. माझ्या आत्म्याला काय वाटलं ते मी बोललो नाही. परत जायला गाडी त्याचीच होती.

रात्री साखळीजवळ विठ्ठलापूरला गेलो. त्रिपुरारीच्या रात्री तिथे विठ्ठलाच्या देवळासमोर वाळवंटी नदीत सजवलेल्या नौका सोडतात. गावोगावची मंडळी महिनाभर खपून त्या करतात. कागद, थर्माकोल, बांबू, रंगीत दिवे. त्यांची स्पर्धा असते. नदीच्या दोन्ही काठांवर माणसं दाटली होती. दोन वर्षांत एवढी माणसं मी एका जागी बघितली नव्हती. सहा फूट सोडाच, सहा बोटंही मिळत नव्हती. मी घाटाच्या वरच्या पायरीवर उभा राहून डोळा लावला. नदी काळी, आकाश काळं, मधोमध एक उजेडाचा दाणा. ती नाव होती. इथे 200 हवी होती, हे मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. गुपचूप झाकण लावलं.

तेवढ्यात कुणीतरी दंडाला हात लावला. एक गृहस्थ, बायको, दोन मुलं आणि काठी टेकून उभी असलेली आजी. "दादा, आमचा एक काढाल?" आणि त्यांनी त्यांचा मोबाइल पुढे केला. गळ्यात कॅमेरा असलेला माणूस मोबाइलवर नीट फोटो काढणारच, असा त्यांचा विश्वास. मी काढला. आजीचे डोळे मिटले म्हणून पुन्हा काढला. तो होतो न होतो तोच मागे दुसरं कुटुंब उभं. मग कॉलेजातल्या सहा मुली. मग नवं लग्न झालेलं एक जोडपं, जे फोटोत एकमेकांपासून अजून सुरक्षित अंतर ठेवून होतं. मी त्यांना "जवळ या, जवळ या" म्हटलं आणि लक्षात आलं की हा आवाज माझा नाही, दोडामार्गच्या त्या फोटोग्राफरचा आहे. अकरा मोबाइल झाले. माझ्या कॅमेऱ्याच्या तोंडावर झाकण होतं ते तसंच होतं.

पहिले गृहस्थ गर्दीतून परत आले. मला वाटलं, आजीचे डोळे दुसऱ्या फोटोतही मिटलेत. त्यांनी विचारलं, "कितके जाले?" मी म्हटलं, अहो, काही नाही. त्यांना ते बरं वाटलं नाही. त्यांनी खाज्यांची पुडी उघडून माझी ओंजळ भरली. ताजी, आल्याच्या वासाची, गुळानं चिकट झालेली खाजी.

"खा," ही म्हणाली. "पहिली कमाई."

आणि नेमकं तेव्हाच काठावरचा गलका वाढला. एक मोठी नौका प्रवाहातून वळून थेट घाटाकडे येत होती. शिडावर दिवे, दिव्यांखाली वल्ही मारणारी कागदाची माणसं, पाण्यात तिची दुसरी नौका उलटी. ती इतकी जवळ आली की शिडाच्या कागदावरचा डिंकाचा डाग दिसला. पंधरा फूट. दहा फूट. पस्तीस मिलिमीटरला ह्याहून नेमकं अंतर असू शकत नाही.

दोन्ही हात गुळात. झाकणाला हात लावावा तर गूळ भिंगाला, आणि गुळावर काय वाढतं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी भरलेली ओंजळ खांद्याएवढी वर धरून, आरतीला उभं राहिल्यासारखा उभा राहिलो आणि नौका पुढून गेली.

"ते हात माझ्या साडीला लावू नका," ही म्हणाली आणि माझ्या ओंजळीतलं एक खाजं उचललं.